उभयतांच्या सेवेशी, कृष्णाकाठावरून

राजमान्य राजेश्री राज्य सरकार, मुक्काम मंत्रालय, मुंबई, आणि राजमान्य राजेश्री केंद्र सरकार, मुक्काम नवी दिल्ली, यांस,



पत्र एकच आहे आणि ते उभयतांना मिळून आहे. वेगवेगळी पत्रं लिहिली की आपण ती मोठ्या मनाने एकमेकांकडे धाडून देता, हे सातारा-सांगलीच्या लोकांना एव्हाना पाठ झालं आहे.

आधी घटनेबद्दल आभार मानतो. राज्य सूचीतल्या १७व्या नोंदीने पाणी राज्याचं झालं. केंद्र सूचीतल्या ५६व्या नोंदीने आंतरराज्य नद्यांचं नियमन केंद्राकडे गेलं. तंटा झालाच तर २६२वं कलम आहे. कृष्णा महाबळेश्वरी उगम पावते आणि पुढे कर्नाटकात जाते, त्यामुळे ती आपणा दोघांचीही. दोन धनी असलेल्या नदीच्या काठी राहण्याचं भाग्य सगळ्यांना लाभत नाही.

२०१९ साली तर आपल्या कृपेने आम्हाला एकाच वर्षात सगळं पाहायला मिळालं. उन्हाळ्यात माणदेशातली जनावरं दावणीची सोडून चारा छावणीत बांधली होती. जत-आटपाडीत टँकर आला की घागरी घेऊन बायका धावत होत्या. मग ३१ जुलैला लोकसभेने आंतरराज्य नदी पाणी तंट्यांसाठी एकच कायमस्वरूपी लवाद नेमण्याचं विधेयक मंजूर केलं. त्या तत्परतेबद्दल अभिनंदन. पुढे ते राज्यसभेत अडलं ते अडलंच. नदीला मात्र कुठेच अडायचं नव्हतं. लोकसभेतल्या त्या मंजुरीनंतर आठवडा-दहा दिवसांतच सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं.

आपल्या माहितीसाठी सांगतो, आयर्विनला इशारा पातळी ४० फूट आणि धोक्याची ४५. पावसाळ्यात सांगलीत माणूस माणसाला भेटला की आधी 'किती फूट?' विचारतो, ख्यालीखुशाली नंतर. चाळिशी गाठली की धान्याची पोती माळ्यावर चढतात, जनावरं सोडून उंचावर नेली जातात, म्हाताऱ्यांना पाहुण्यांकडे पोचवलं जातं. हे सगळं आमचं आम्ही करतो. त्या ऑगस्टमध्ये पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला लोक मिळेल त्या बोटीत बसले आणि बोट उलटली. सतरा जीव गेले, त्यांत बायका आणि लहान मुलं होती. याबद्दल आभार कसे मानायचे, ते मला जमत नाही.

पूर चढत असताना मुंबईहून बंगळूरला विनवण्या चालल्या होत्या, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून विसर्ग वाढवा म्हणून. दोन मुख्यमंत्र्यांनी एकमेकांशी बोलावं, हे चांगलंच. पण कोयना, वारणा आणि अलमट्टी यांतून कोणत्या दिवशी किती पाणी सोडायचं, हे पाणी गळ्याशी आल्यावर फोनवर ठरवायचं असतं का? जूनच्या आधी एकत्र बसून हे कागदावर बांधून घ्यायला आपणा दोघांपैकी कुणाची परवानगी लागत होती?

अलमट्टीबद्दल राज्य सरकारचे विशेष आभार. पावसाळा जवळ आला की आपल्याला तिची आठवण येते. आपणच नेमलेल्या वडनेरे समितीने २०१९ च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. अतिवृष्टी आणि नदीपात्रातली अतिक्रमणं तिने पुढे केली. निळ्या पूररेषेच्या आत बांधकामं उभी राहिली, ती काही विजयपुरातून परवानगी आणून नव्हे. ते काम आपल्याच अखत्यारीतलं होतं.

आणि केंद्र सरकार, आपणही निश्चिंत असू नका. अलमट्टीची उंची ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याची मुभा ब्रिजेशकुमार लवादाने २०१० साली दिली. ती वाढली तर शिरोळ-मिरजेच्या बाजूला फुगवटा किती येईल, याचं दोन्ही राज्यांना मान्य होईल असं उत्तर आम्हाला हवं आहे. केंद्रीय जल आयोग आपला. नदीकाठच्या माणसाने हा हिशेब कुणाकडे मागावा?

लवादाबद्दलही ऋणी आहोत. २००४ साली नेमला, २०१० साली निवाडा आला, २०१३ साली पुढचा अहवाल आला. २०११ पासून सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आहे आणि निवाडा राजपत्रात छापला गेलेला नाही. तोवर महाराष्ट्राने आधीच्या बच्छावत लवादाच्या ५६० टीएमसीवर भागवायचं. नव्या निवाड्यातले ६६६ टीएमसी तूर्त वाचनासाठी आहेत. दुष्काळी तालुक्यातल्या ज्या पोराने २००४ साली शाळेत नाव घातलं, त्याची मुलं आता शाळेत जातात.

राज्य सरकार, बच्छावतचं पाणी २००० सालाच्या आत अडवून वापरायचं म्हणून आपण १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ काढलं. कऱ्हाडजवळच्या टेंभू उपसा सिंचन योजनेला मान्यता त्याच वर्षीची. ताकारी-म्हैसाळ त्याच्याही आधीची, १९८४ ची. जिहे-कठापूर १९९७ ची. अंदाजपत्रकं किती पटींनी फुगली, ते आपणच छापलेलं आहे. माणमधल्या आंधळी तलावात कृष्णेचं पाणी यायला पाव शतक लागलं. उशिरा का होईना, पाणी आलं आणि लोकांनी पाटावर जाऊन नारळ फोडले. तो आनंद खरा आहे आणि वीजबिलातला ८१ टक्के भार आपण उचलता, हेही खरं. पण कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्याच्या उरल्या १९ टक्क्यांची पाणीपट्टी आधी कापली जाते आणि आवर्तन नंतर येतं, कधी येतही नाही. मधल्या काळात पोराने पुण्याला नोकरी धरलेली असते.

आपण दोघे मनात आणलं तर काय करू शकता, तेही आम्ही पाहिलं आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेच्या यार्डात रेल्वेच्या टाक्या उभ्या राहिल्या. राज्याने पाणी भरलं, केंद्राच्या रेल्वेने ते लातूरला नेलं. पहिल्या गाडीत दहा वॅगन, पाच लाख लिटर. सूची कुणाची, नोंद कितवी, हे कुणी विचारलं नाही. लातूरकरांची तहान भागली याचा सांगलीकरांना अभिमान आहे. सांगली जिल्ह्यातल्याच जतच्या पूर्व भागात त्या वेळी विहिरी तळाला गेल्या होत्या, एवढंच उभयतांच्या कानावर घालतो.

त्याच जतमधली काही गावं पाण्यासाठी कर्नाटकात जायची भाषा करून बसली होती. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी ती आठवण काढली आणि विस्तारित म्हैसाळच्या फायलींना पाय फुटले. शेजारच्या मुख्यमंत्र्यांचे आभार मानायचे की आपले? लोकांनी आधी किती मोर्चे काढले होते! त्यांना आपलं राज्य सोडायचं नव्हतं, प्यायला पाणी हवं होतं.

आता आर्जव बाजूला ठेवतो. तुम्ही दोघे कामाचे नाही, असं आमचं म्हणणं नाही. तुम्ही एकत्र बसत नाही, हे आमचं म्हणणं आहे. येरळेकाठी बलवडी-तांदुळवाडीच्या लोकांनी नदीतली वाळू विकून त्या पैशातून बळीराजा धरण बांधलं आणि पाणी जमीन बघून नव्हे, घर बघून वाटायचं ठरवलं. नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्यासोबत आटपाडीच्या लोकांनी वर्षानुवर्षं पाणी परिषदा भरवून समन्यायी वाटपाचा आग्रह धरला. खेड्यातल्या माणसांना जे एका मांडवाखाली बसून ठरवता आलं, ते तुम्हाला सचिवालयांत का जमू नये?

त्यासाठी नवा कायदाही नको. संसदेने १९५६ सालीच नदी मंडळ कायदा केला आहे. राज्याने विनंती केली तर, किंवा न करताही, केंद्राला आंतरराज्य नदीसाठी मंडळ नेमता येतं. या कायद्याखाली आजवर देशात एकही मंडळ उभं राहिलं नाही. २०१४ साली कृष्णेसाठी जे मंडळ झालं, ते वेगळ्या कायद्याने, आंध्र आणि तेलंगणापुरतं. उगमाकडच्या आम्हाला त्यात जागा नाही.

तेव्हा राज्याने मागावं आणि केंद्राने द्यावं: महाबळेश्वरपासून पुढच्या साऱ्या कृष्णाकाठाचं एक मंडळ. त्यात कर्नाटक हवं, माण-जतचा टेलवाला हवा आणि ब्रह्मनाळचा माणूसही हवा. पुराचं पाणी आणि दुष्काळाचं पाणी एकाच टेबलावर मोजलं जावं.

या पत्राचं उत्तर अवश्य द्यावं. दोन नकोत, एकच द्यावं आणि त्यावर दोघांच्याही सह्या असाव्यात.

कळावे,

आपला,
कृष्णाकाठचा एक पाणीपट्टी भरणारा