दोन खांबांच्या मधून

पादचाऱ्यांच्या सुरक्षेसाठी आमच्या बाजाररस्त्याच्या फुटपाथवर अखेर खांब बसले. पुण्याचा लक्ष्मी रोड, दादरचा रानडे रोड, कोल्हापूरचा महाद्वार रोड, नागपूरची सीताबर्डी, यांपैकी कुठंही सणाच्या तोंडावर पिशव्या घेऊन जो फिरलाय, त्याला आमचा रस्ता वेगळा दाखवायची गरज नाही. खांब स्टीलचे आहेत, मांडीइतके उंच, वर गोल टोपी. चकाकतात छान. नव्या सुनेसारखे पहिले काही दिवस सगळे त्यांना बघून गेले.

खांबांचं काम एकच, दुचाकीला फुटपाथवर येऊ द्यायचं नाही. आता दुचाकी वर येते कुठून? उतारावरून. उतार केला कशाला? व्हीलचेअरसाठी. फुटपाथ 15 सेंटिमीटरपेक्षा उंच नको, त्याला उतार हवा, चालायला निदान 1.8 मीटर मोकळी जागा हवी, असं रस्तेबांधणीच्या नियमांत छापलेलं आहे. उंची आणि रुंदीचं आमच्याकडे जमलं नाही, पण उतार मात्र झाला आणि त्याच संध्याकाळी दुचाकीस्वारांनी त्याचं उद्घाटन केलं. मग दुचाक्या अडवायला उताराच्या तोंडाशी खांब आले. त्यामुळे आता व्हीलचेअर वर जात नाही. दुचाकी जाते.

हे कसं, ते टेप घेऊन समजून घ्या. व्हीलचेअर दोन फुटांहून थोडी जास्त रुंद, शिवाय चाक ढकलणारे हात बाहेर असतात, म्हणजे वाट तीन फुटांची तरी पाहिजे. स्कूटरचं हँडल सव्वादोन-अडीच फुटांचं. तेव्हा खुर्ची जाईल त्या फटीतून स्कूटर जाणारच. बरं, फट कमी केली तर? स्कूटरवाला आधी हँडलचं एक टोक घालतो, मग दुसरं, आरसा आत वळवतो, पाय टेकवत पुढं सरकतो आणि निघून जातो. मागं बसलेली बायको तेवढ्यापुरती उतरते, पलीकडे जाऊन पुन्हा बसते. खुर्चीला तिरकं होता येत नाही. बाबागाडीलाही नाही. गुडघे बदललेल्या, दोन्ही हातांत पिशव्या असलेल्या बाईला तर नाहीच. म्हणजे खांबांची जी काही चाळणी लागलीय, तिच्यात फुटपाथ ज्यांच्यासाठी बांधला तेवढेच लोक अडकतात.

तरी खांब वाया गेले असं कुणी म्हणू नये. एकावर क्लिपा आणि टिकल्यांचा पुठ्ठा लटकतो. दोघांच्या मधे दोरी बांधून ओढण्या वाळत घातल्यासारख्या टांगल्यात. टिकल्यांवाल्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "बरं झालं काका, आधी दोरी बांधायला झाडसुद्धा नव्हतं." त्यांच्यावर माझा राग नाही, त्या जागा सोडायला सांगितल्यावर सोडतात तरी. पलीकडच्या दुकानदारानं खांबाला साखळी लावून आपली फळी आणि त्यापुढं कापडाचे दोन पुतळे उभे केलेत, ते कुणी सोडायला सांगत नाही. एका खांबावर रोज संध्याकाळी एक आजोबा बसतात, कारण बाक कुठंच नाही आणि खांबाची टोपी गोल असली तरी बसता येते, थोडं सावरून बसावं लागतं एवढंच. कोपऱ्यावरचा खांब टेम्पोच्या धक्क्यानं वाकला. तो मी वाकून नीट पाहिला. बुडाशी चौकोनी पत्रा, त्याला चार भोकं, बोल्ट दोन. खालच्या फरशा फुटून वर आल्यात आणि फटीत गुटख्याच्या पुड्या गच्च बसल्यात. या वाकलेल्या खांबाला कुणी अडखळू नये म्हणून त्याच्याभोवती लाल-पांढरी पट्टी गुंडाळून चार बॅरिकेड उभी केली. त्यांनी उरलासुरला फुटपाथ व्यापला. म्हणजे पादचाऱ्यांच्या रक्षणासाठी खांब, खांबाच्या रक्षणासाठी बॅरिकेड, आणि पादचारी रस्त्यावर. बॅरिकेडच्या रक्षणासाठी माणूस नेमणार असल्याचं ऐकतो, पण तो बसणार कुठं हे अजून ठरलेलं नाही.

आता हसून झालं असेल तर ऐका. 2022 या एका वर्षात देशात 32,825 माणसं पायी चालताना रस्त्यावर मेली. दिवसाला नव्वद. यातल्या प्रत्येकाबद्दल कुठं ना कुठं छापून आलं असेल की पादचारी "अचानक रस्त्यात आला". अचानक? तो दूध आणायला चालला होता. फुटपाथवर पुतळे होते, पुतळ्यांपुढं खांब होता, खांबापुढं बॅरिकेड होतं, म्हणून तो खाली उतरला आणि उलट दिशेनं, बिननंबराची, कानाशी मोबाइल धरलेली गाडी आली. त्या गाडीबद्दल 'अचानक' हा शब्द कुणी वापरत नाही. ती बिचारी नेहमीच येत होती.

तिला अडवायला खांब लागत नाही. चौकात उभा राहून पावती फाडणारा एक माणूस लागतो, आणि तो सणाच्या आठवड्यापुरता नाही, रोज लागतो. पण माणसाच्या पगाराचं टेंडर निघत नाही, खांबाचं निघतं. खांब वाकतो, मग पुन्हा निघतं.

कायद्यात सोय नाही असंही नाही. 2019 साली मोटार वाहन कायद्यात 198-अ हे कलम घातलं गेलं. रस्त्याची आखणी, बांधणी किंवा देखभाल नियमाप्रमाणं झाली नाही आणि त्यामुळे कुणी मेलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला, ठेकेदाराला दंड होतो. किती? एक लाखापर्यंत. 'पर्यंत' आहे, तेव्हा घासाघीस करायला वाव आहे. याच रस्त्यावर, याच खांबांच्या मागच्या दुकानात, लग्नासाठी भारीतली पैठणी मागा, बिल एवढंच होईल. दुकानदार वर दोन कापडी पिशव्या फुकट देतो.

जानेवारी आला की रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम असतो. पूर्वी सप्ताह व्हायचा, 2021 साली पहिल्यांदा महिना झाला. वर्ष करा, आमची हरकत नाही. शाळेतल्या मुलांना निबंधाचा विषय मिळेल: 'पादचाऱ्यांनो, फुटपाथचा वापर करा'. चौथीतली मुलं रांगेनं घोषणा देत या बाजारातून जातील, अर्थातच रस्त्याच्या मधोमध, कारण दुसरीकडून जाता येत नाही. आणि पाहुण्यांच्या हात जोडलेल्या फोटोंचा भला मोठा फ्लेक्स लागेल. तो बांधायला मात्र या वर्षी जागा शोधावी लागणार नाही.