शिंकावं कसं? नव्या बाळंतिणीसाठी पहिले धडे

साहित्य: एक बाळंतीण, एक बाज, बाजेखाली शेगडी, ओवा-बाळंतशेपांची धुरी, पोटाला बांधायला आईचं जुनं लुगडं आणि सल्ला द्यायला निदान चार बाया. पाणी बेतानंच, कारण बाळंतिणीनं पाणी पिलं की पोट सुटतं असं मोठीमायचं मत आहे, आणि मोठीमायला सात लेकरं झालेली असल्यानं तिच्याशी वाद घालता येत नाही.

पहिला धडा, लपवणे. धुरीनं ठसका लागतो आणि ठसक्यासरशी थोडी लघवी सुटते. घाबरू नका. मांडीवर मांडी टाका, श्वास रोखून धरा, आणि लुगडं ओलं झालंच तर लेकरानं केलं म्हणून सांगा. लेकरू खुलासा करत नाही. ते चालायला लागेपर्यंत ही युक्ती पुरते. पुढं गडद रंगाच्या साड्या घ्याव्यात, लग्नात दाराजवळची खुर्ची धरावी, मैत्रिणींनी फार हसवलं तर रागवावं. एसटीनं जायचं असेल तर आदल्या रात्रीपासून पाणी तोडावं. अकोल्याच्या मे महिन्यात पाणी तोडणं हा वरच्या वर्गाचा अभ्यास आहे. लघवी घट्ट झाली की पिशवी आणखी चुळबुळते, शिवाय शौचाचा खडा होऊन बसतो. मग जोर करताना सगळा भार पुन्हा खालीच येतो. पण हे कोणी सांगत नाही, आणि विचारलंच तर उत्तर ठरलेलं असतं: "साऱ्याइलेच होते ते माय, लेकरं काय फुकट होतात?"

दुसरा धडा, पोट बांधणे. दोघींनी दोन टोकं धरून आवळावं. पोट आत गेलं पाहिजे, ते आत जाऊन कुठं जातं हे विचारू नये. तरी सांगते. पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते. लघवीची पिशवी, गर्भाशय आणि गुदाशय तिच्याच आधारानं राहतात. नऊ महिने वजन तिनं पेललं, बाळंतपणात ती ताणली, काहींची फाटलीही. वरून घट्ट आवळलं की दाब तिच्यावर येतो. हलका आधार सुखाचा वाटत असेल तर जरूर बांधा, पण श्वास पुरता घेता आला पाहिजे. सिझरवाल्यांनी यातून सूट मागू नये, नऊ महिन्यांचं वजन त्यांच्याही झोळीनं उचललं आहे.

सव्वा महिना झाला की पुढचे धडे आपोआप येतात. इथं सरकारचं आणि आजीचं पंचांग जवळजवळ जुळतं. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशाताईंच्या घरभेटी तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा असतात. त्यात लेकराचं वजन होतं, ताप बघितला जातो, अंगावर पाजण्याची चौकशी होते. शिंकताना काय होतं, हा प्रश्न आपणच काढावा लागतो. मग बाई सासरी येते आणि खारपाणपट्ट्यातली असेल तर गोड्या पाण्याचा गुंड उचलते, वेचणीला गेली तर कंबरेला ओटी बांधून दिवसभर वाकते. कापसाचं गाठोडं डोक्यावर घेताना दात-ओठ खाऊन श्वास रोखायची रीत आहे. तुम्ही उलट करा: उचलण्याआधी खालचे स्नायू आवळा आणि श्वास सोडत उचला. बघणाऱ्याला वाटेल, बाई उसासा टाकतेय. वाटू द्या.

आता मुख्य धडा, या झोळीचा व्यायाम. तो 1948 मध्ये आर्नल्ड केगेल या अमेरिकन डॉक्टरनं शास्त्रीय मासिकात मांडला आणि त्याचंच नाव त्याला चिकटलं. अमरावतीला व्यायाम शिकवायची गरज नाही. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 पासून आहे आणि 1936 साली इथले गडी बर्लिन ऑलिंपिकमध्ये कबड्डी दाखवून आले. पण हा व्यायाम दाखवता येत नाही, कारण तो दिसतच नाही, आणि भरल्या घरात राहणाऱ्या बाईसाठी याहून सोयीचं काही नाही. राजकमल चौकात रिक्षाची वाट बघत उभं राहा, वारा आणि लघवी एकदमच अडवायची आहे असं समजून खालचा भाग आत आणि वर ओढा. पाच अंक मोजा, तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा. असं आठ वेळा, दिवसातून तीनदा. कुल्ले आणि मांड्या आवळल्या जात असतील किंवा भुवया वर चढत असतील तर चुकतंय. लघवी करता करता धार तोडून सराव करू नये, त्यानं पिशवी नीट रिकामी होत नाही.

गुण कधी येईल? अमरावती-अकोला मार्गावर जून 2022 मध्ये पंचाहत्तर किलोमीटरचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला, गिनीज बुकात नोंद झाली. तुमच्या रस्त्याला निदान तीन महिने लागतील आणि नोंद कुठंच होणार नाही. आठवड्याभरात "काहीच फरक नाही" म्हणून सोडणाऱ्या बाया आहेत, त्यांनी पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी.

एक इशारा थट्टा बाजूला ठेवून. खाली जड वाटणं, अंग बाहेर येणं, शौचावर ताबा न राहणं, संबंधाच्या वेळी दुखणं, यांत घरच्या घरी आवळत बसू नका. काहींचे हे स्नायू सैल नसतात, उलट कायम ताठलेले असतात. त्यांना आवळणं नाही, सोडणं शिकावं लागतं, आणि कोणाचं काय आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही. लघवी तुंबली, ताप आला किंवा रक्तस्राव वाढला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

तपासणं हेच अवघड आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 बाया तपासल्या आणि 1989 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापले. 92 टक्के बायांना स्त्रीरोगाचा एक ना एक त्रास निघाला, आणि आधी कधी अंतर्गत तपासणी झालेल्या होत्या जेमतेम 8 टक्के. तिकडं फ्रान्समध्ये बाळंतिणीला या स्नायूंच्या उपचारासाठी साधारण दहा बैठका सरकारी विम्यातून मिळतात. आपल्याकडं डिंकाचे लाडू मिळतात. लाडवांबद्दल माझी तक्रार नाही, त्यांच्यासोबत फिजिओकडची एक चिठ्ठी मिळावी एवढंच म्हणणं आहे.

म्हणून शेवटचा धडा, दवाखान्यात जाणे. अमरावतीकरणीनं डफरीनला, अकोलेकरणीनं लेडी हार्डिंगला किंवा आपल्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडं जावं आणि महिलांच्या ओटीपोटाचे व्यायाम शिकवणारी फिजिओ कुठं भेटेल हे विचारावं. फिजिओच्या बोर्डावर गुडघा, मान आणि लकवा लिहिलेला असेल, तुमचा त्रास नसेल, तरी आत शिरा. भरल्या बाकड्यांसमोर कोणी मोठ्यानं विचारेल, "काय तरास हाये बाई?" तेव्हा खुशाल "कंबर" म्हणा. आत गेल्यावर दार लावून घ्या, आणि तिथं कंबर म्हणू नका.