रिटर्न

मीरा रोडच्या माणसाला चर्चगेटला जायचे असले की तो आधी भाईंदरला जातो. नकाशा बघून हे कळायचे नाही, कारण चर्चगेट दक्षिणेला आणि भाईंदर उत्तरेला. पण भाईंदरहून सुटलेली लोकल मीरा रोडला लागते तेव्हा तिच्यात बसणे सोडाच, एक पाय टेकवायला जागा नसते. म्हणून शहाणा माणूस तीच गाडी येतानाच पकडतो, भाईंदरला ती उलटी फिरेपर्यंत बसून राहतो आणि मग अंधेरीपर्यंत घोरतो. याला आमच्याकडे ‘रिटर्न’ म्हणतात. आम्ही भाईंदरकर फलाटावर रांगेने उभे असतो आणि आमच्या गावची गाडी आमच्यासमोर भरूनच येते. त्यावरून सकाळी सकाळी जी भाषा वापरली जाते ती छापण्याजोगी नाही.

पण अक्कल मान्य केली पाहिजे. आज वीस मिनिटे उलटी घालवायची, म्हणजे पुढचा तास पाय दुखत नाहीत. आधी सोसा, मग बसा. निवृत्तीचे सगळे शास्त्र यात आले, सल्लागार नेमायची गरज नाही. आता याच माणसाला विचारा, ‘साठीनंतरच्या वीस वर्षांवर रुमाल टाकलाय का?’ तो खिडकीबाहेरची मिठागरे बघायला लागतो.

आमच्या डब्यात एक चोवीस वर्षांचा मुलगा आहे. त्याच्या मते निवृत्ती ही म्हाताऱ्यांची अडचण. तो स्वतः चाळिशीतच निवृत्त होणार आहे. त्यासाठी सव्वानऊला बाजार उघडला की तो मोबाइलवर ऑप्शन घेतो आणि दादरपर्यंत त्याचा चेहरा दोन-तीनदा रंग बदलतो. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर १०० किरकोळ लोकांपैकी ९३ जणांनी पैसे घालवले, हे सेबीने २०२४ च्या सप्टेंबरात जाहीर केले. मी त्याला हे सांगितले. तो म्हणाला, ‘काका, मी उरलेल्या सातांतला.’ गंमत म्हणजे हे सातही जण आमच्याच डब्यात चढतात.

मग मी पाठकोऱ्या कागदावर हिशेब मांडला. महिन्याला २,००० रुपये, व्याज ८ टक्के धरू. पंचविसाव्या वर्षी सुरुवात केली तर साठीला सुमारे ४६ लाख. पंचेचाळिसाव्या वर्षी केली तर ७ लाखांच्या आत. पहिल्यात खिशातून जातात ८ लाख ४० हजार, बाकीचे काम नुसत्या वर्षांनी केलेले. त्याने कागद नीट वाचला आणि विचारले, ‘महागाई?’ पोरगा हुशार आहे. महागाई ६ टक्के धरली तर त्या ४६ लाखांची किंमत आजच्या ६ लाखांएवढीच. म्हणून पगार वाढेल तसा हप्ता वाढवायचा असतो, असे मी सांगणार होतो. पण तोवर त्याने ‘६ लाखांत काय येतंय!’ म्हणून कागद परत दिला आणि शून्य लाखांची योजना चालू ठेवली.

चाळिशीतला माणूस असल्या चर्चेत बोलत नाही. त्याचे घरकर्ज साठाव्या वर्षी फिटणार आहे, म्हणजे नोकरी आणि कर्ज यांचा निरोप समारंभ एकाच हारात उरकता येईल. पीएफमधून त्याने दोनदा उचल घेतली, एकदा घरासाठी, एकदा बहिणीच्या लग्नासाठी. तरी त्याचा पेन्शनवर भरवसा आहे. ‘कापतात ना दर महिन्याला!’ खरे तर त्याच्या पगारातून कापलेले १२ टक्के पेन्शनकडे जातच नाहीत. जातात ते मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के, तेही १५,००० रुपयांच्या मर्यादेवर, म्हणजे महिन्याला फार तर १,२५०. तेव्हा ३५ वर्षे घासली तरी हाती येणार साडेसात-आठ हजार. या योजनेत किमान पेन्शन १,००० रुपये, ते २०१४ साली ठरले. दिवसाला ३३ रुपये. मी हे सांगितल्यापासून तो पुढच्या डब्यात चढतो.

सरकारचे मात्र कोणत्याच वयाकडे दुर्लक्ष नाही. २०२४ च्या सप्टेंबरात ‘एनपीएस वात्सल्य’ आले. आता दात यायच्या आधी बाळाचे पेन्शन खाते निघते. शेजारच्या सूनबाईंनी बारशालाच काढले. बाळाच्या आजोबांचे स्वतःचे कुठलेच खाते नाही. ते नातवाकडे बघून म्हणाले, ‘बरं झालं, घरात कोणाला तरी पेन्शन बसली.’

ज्याला खरोखर गरज आहे तो आमच्या गाडीतही नसतो. भाईंदर पूर्वेच्या गाळ्यांत स्टीलची भांडी घडतात. तुमच्या लग्नात आलेल्या ताटात ज्या कोणाचा चेहरा दिसतो, त्याच्याआधी पॉलिश करणाऱ्याचा दिसलेला असतो. असा एक जण संध्याकाळी टपरीवर भेटतो. नाकापासून नखांपर्यंत काळा, डोळे तेवढे पांढरे. पगार रोख, पीएफ नाही, चिठ्ठी नाही. त्याच्यासाठी २०१५ पासून अटल पेन्शन आहे. साठीनंतर महिना ५,००० हवे असतील तर अठराव्या वर्षी शिरणाऱ्याला हप्ता २१० रुपये, चाळिसाव्या वर्षी शिरणाऱ्याला १,४५४. चाळिशी उलटली की दार बंद. मी त्याला मोठ्या उत्साहाने हे समजावले. त्याने चहा संपवला, ग्लास विसळून जागेवर ठेवला आणि सांगितले की तो एकेचाळीस वर्षांचा आहे. योजना अशा लोकांपर्यंत बरोबर एक वर्ष उशिरा पोचते. आमच्या लोकलसारखीच.

आता माझे. वय त्रेपन्न. माझी पेन्शन म्हणजे माझी इमारत. गिरगाव-परळच्या चाळींतून आमची पिढी इथे आली ती एक खोली आणि स्वतःचा संडास या दोन ओढींनी. शहराची २००२ साली महापालिका झाली, तोवर इमारतीच्या गच्चीतून पाणी गळायला लागलेही होते. आता आमच्या सोसायटीत कोणीही निवृत्तीचे नियोजन करत नाही, सगळे ‘बिल्डर येणार’ म्हणून थांबलेत. बिल्डर आला की जादा कार्पेट मिळणार, कॉर्पस मिळणार, भाडे मिळणार, लिफ्ट मिळणार. गेल्या आठ वर्षांत तीन बिल्डर आले, चहा-बिस्किटे खाऊन गेले. जमीन अजून सोसायटीच्या नावावर नाही, कन्व्हेयन्स व्हायचे आहे. तीस वर्षे उलटलेल्या इमारतीला स्ट्रक्चरल ऑडिट करावे लागते. ते करायचे की नाही यावर आमच्या दोन सभा झाल्या, कारण अहवाल खराब आला तर पावसाळ्याआधी लागणाऱ्या धोकादायक इमारतींच्या यादीत नाव जायचे. म्हातारपणाची पुंजी कोसळण्याची भीती सगळ्यांनाच असते. आमची वर्तमानपत्रात क्रमांकानिशी छापून येते, एवढाच फरक.

‘घर आहे ना आपलं, लाखांचं,’ असे मी परवा बायकोला म्हणालो. ती गोळ्यांचे पाकीट मोजत होती. म्हणाली, ‘हो. मग यंदा बीपीच्या गोळ्यांना हॉल विकू या का बेडरूम?’

तेव्हा मी बॅग उपसली. तिच्यात पीपीएफचा फॉर्म आहे. बत्तिसाव्या वर्षी आणलेला, नाव आणि जन्मतारीख भरलेला. पुढच्या महिन्यात देऊ, बोनसनंतर देऊ, पोरीची फी झाली की देऊ, असे म्हणत तो एकवीस वर्षे माझ्याबरोबर भाईंदर-चर्चगेट करतो आहे. उन्हाळ्यात मी त्याने वारा घेतो. डबा सांडला तेव्हा त्यानेच पुसले, त्यामुळे पत्त्याच्या रकान्यात हळदीचा डाग आहे. चवथ्या सीटवर मित्रासाठी जागा धरायला तो मी शेकडो वेळा टाकला असेल. माझ्यासाठी एकदाही नाही.

पीपीएफची मुदत १५ वर्षे. सध्याचा व्याजदर ७.१ टक्के. खाते पोस्टातही निघते आणि वर्षाला किमान ५०० रुपये भरावे लागतात.