चोथेकाका

सकाळी जिन्यात कुणी भेटलं की आपण "काय, कसं काय?" म्हणतो आणि उत्तराची वाट न बघता सटकतो. चोथेकाका सटकत नाहीत. दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतात, आवाज एक पट्टी खाली आणतात आणि विचारतात, "झालं का?" चहा झाला का, पेपर वाचून झाला का, असले गैरसमज आमच्या बिल्डिंगमध्ये फक्त नव्या भाडेकरूंचे होतात. जुनी मंडळी सरळ हो किंवा नाही सांगून मोकळी होतात. काही जण थापा मारतात, पण काकांपुढे त्याचा उपयोग नाही. "चेहऱ्यावर दिसतं रे," म्हणतात.

त्यांचं खरं आडनाव वेगळंच आहे. चोथेकाका हे नाव पोरांनी पाठीमागे ठेवलं. ते कानावर गेलं तेव्हा काकांनी पोरांना बोलावून प्रत्येकाच्या हातावर एकेक पेरू ठेवला. सालीसकट, बियांसकट खायच्या अटीवर.

माणूस काटक, सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे. इतर निवृत्तांच्या शर्टाच्या खिशात चष्म्याचं घर असतं, यांच्या खिशात भाजलेल्या जवसाची डबी. अख्खी नोकरी महापालिकेच्या मलनिस्सारण खात्यात गेली. चेंबर, मॅनहोल, उतार, चोकअप यांशिवाय दुसरं काही बोललेलं काकूंना आठवत नाही. निवृत्त झाल्यावर माणसं गीतेकडे वळतात, नाहीतर शेअर बाजाराकडे. काका आतड्यांकडे वळले. वळले तरी कसं म्हणायचं? खातं तेच राहिलं, लाइन तेवढी बदलली.

"लहान आतडं वीसेक फूट, मोठं पाच फूट," ते समजावतात. "म्हणजे पंचवीस फुटांची लाइन, ती वीतभर जागेत कोंबलेली. बरं, सगळीकडे उतार आहे का? नाही! उजव्या अंगाला मोठं आतडं चक्क चढणीला लागतं. माल वर न्यायचाय आणि पंप नाही. भिंतीच आवळतात आणि पुढे ढकलतात. मग त्या भिंतींना धरायला काही नको? मैदा धरतील? मैद्याची खळ होते रे, आम्ही पोस्टरं चिकटवायचो!"

यातलं शास्त्र तपासून बघावं तर कुठे खोट सापडत नाही, हीच खरी अडचण आहे. चुकीचं बोलणाऱ्या माणसाला निदान गप्प करता येतं.

काकांचं दैवत म्हणजे डेनिस बर्किट. देव्हाऱ्यात फोटो नाही तो काकूंमुळे. हा आयरिश शल्यविशारद बरीच वर्षं युगांडात होता. लहानपणीच एक डोळा गेलेला. तिथल्या मुलांच्या जबड्यात होणारा एक कर्करोग त्याने जगापुढे आणला, त्या रोगाला त्याचंच नाव आहे. तेवढ्यावर दुसरा कुणी आयुष्यभर सत्कार घेत बसला असता. पण बर्किटच्या डोक्यात वेगळाच किडा वळवळायला लागला. मलावरोध, मूळव्याध, अपेंडिक्स ही जी दुखणी इंग्लंडातल्या इस्पितळांत खच्चून भरलेली, ती इथल्या खेड्यांत जवळजवळ दिसत का नाहीत? मग त्याने आणि सहकाऱ्यांनी सरळ तराजू घेतला. १९७२ साली लॅन्सेटमध्ये आकडे आले. ब्रिटिश नौदलातली माणसं आणि त्यांच्या बायका यांचं रोजचं विसर्जन सरासरी १०४ ग्रॅम आणि खाल्लेलं बाहेर पडायला साडेतीन दिवस. युगांडातल्या खेडुतांचं ४७० ग्रॅम आणि दीड दिवस. खेडूत खात होते चोथा, नौदल खात होतं पांढरा पाव.

"चारशे सत्तर!" असं म्हणताना काकांचा आवाज भरून येतो. सचिनच्या शतकांची संख्या सांगताना आमचा येतो तसा. हे आकडे ते कुठेही सांगतात. लग्नाच्या पंगतीत तर हमखास, आणि नेमका मठ्ठा वाढत असताना.

बर्किटच्या निष्कर्षांतलं सगळंच पुढे जसंच्या तसं टिकलं असं नाही, पण मुद्दा उभा आहे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला रोज निदान २५ ग्रॅम चोथा पोटात जाऊ द्या म्हणते. काका पंचविसावर थांबत नाहीत. पास होण्यापुरते मार्क मिळवणाऱ्यांविषयी त्यांना पहिल्यापासून तिटकारा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ सालची अन्नघटकांची कोष्टकं त्यांनी झेरॉक्स करून ठेवली आहेत आणि समोर आलेल्या प्रत्येक ताटाला ते लागलीच गुण देतात. पॉलिश केलेला तांदूळ शंभर ग्रॅमला तीन ग्रॅमसुद्धा नाही, नापास. ज्वारी-बाजरी दहा-अकरा, उत्तम. साबुदाण्याकडे ते बघतही नाहीत. एकादशीच्या दिवशी खिचडीच्या वासाने बिल्डिंग घमघमते, तेव्हा काका गॅलरीत उभे राहून "उद्या रडतील" एवढंच म्हणतात. गणपतीत उकडीच्या मोदकाचा निकाल त्यांनी असा लावला होता: सारणाला पास, पारीला नापास, एकंदरीत ग्रेस देऊन वर चढवायला हरकत नाही. मग सात खाल्ले.

ब्रिस्टल तक्ता त्यांच्या हाती लागला तो दिवस आमच्या सोसायटीला महागात पडला. हा तक्ता खरा आहे, १९९७ सालचा, ब्रिस्टलच्या दोन संशोधकांनी केलेला. मानवी विष्ठेचे त्यात सात प्रकार आहेत. एक नंबर म्हणजे सुट्या, टणक गोट्या. सात नंबर म्हणजे नुसतं पाणी. आदर्श तो चार नंबर, गुळगुळीत आणि अखंड. डॉक्टरांना पेशंटशी बोलताना सोय म्हणून केलेली ही चीज. काकांनी तो रंगीत छापून संडासाच्या दाराला आतल्या बाजूने चिकटवला. त्यांच्याकडे आलेला पाहुणा बाहेर येतो तेव्हा गंभीर झालेला असतो. काका काही विचारत नाहीत. नुसती भुवई उडवतात. पाहुणा बोटांनी आकडा दाखवतो.

एकदा लिफ्टमध्ये नवा भाडेकरू भेटला. आयटीतला मुलगा, परवाच राहायला आलेला. काकांनी आपुलकीने विचारलं, "तुमचा कितवा?" तो म्हणाला, "सहावा." काकांचा चेहरा उतरला. "कधीपासून?" "झाले की चार दिवस." संध्याकाळी त्याच्या दारात काका उभे, एका हातात ताक-भाताचा डबा आणि दुसऱ्या हातात दह्यात कालवलेला इसबगोल. मुलगा मुळातच घरच्या जेवणाला आसुसलेला. त्याने काही न विचारता दोन्ही संपवलं. त्यामुळे सहावा म्हणजे मजला, हा खुलासा व्हायला पुढे बरेच दिवस गेले.

इसबगोलाचा विषय निघालाच आहे तर सांगतो. या पदार्थाबद्दल काका हळवे आहेत. गुजरात-राजस्थानात पिकणारं एवढंसं बी, त्याचा भुसा पाण्यात पडला की फुगून बुळबुळीत होतो. हाच भुसा घट्ट झालेल्याला सैल करतो आणि सैल झालेल्याला घट्ट धरतो. "असा एक इंजिनिअर आमच्या खात्यात नव्हता," काका म्हणतात. मात्र पेलाभर पाण्याशिवाय तो घेतलेला त्यांना खपत नाही. कोरडा गिळला तर घशात नाहीतर आतड्यात अडकून बसतो, आणि मग पोट साफ करायला निघालेला माणूस रुग्णवाहिकेतून जातो. हे सांगताना त्यांचा आवाज पावसाळ्याआधी कंत्राटदाराला दम देताना लागायचा तसा लागतो.

काकांचा एकच शत्रू: बागेच्या फाटकाशी पहाटे ज्यूस विकणारा. कारलं, दुधी, गाजर, बीट, गव्हांकुर. फिरून आलेली मंडळी तिथे तोंडं वेडीवाकडी करत हिरवा पेला रिकामा करतात आणि आरोग्य मिळाल्याच्या समाधानात घरी जाऊन बटाटेवडा खातात. काका त्या गाडीशी उभे राहतात आणि बोट दाखवतात ते पेल्याकडे नाही, खालच्या बादलीकडे. बादलीत गाळून उरलेला ढीग. "पैसे देऊन पाणी पिताय आणि माल बादलीत! ही बादली कुठे जाते ठाऊक आहे? गोठ्यात. म्हणून म्हशीची कधी तक्रार ऐकलीत?" ज्यूसवाला बिलंदर. त्याने दुसऱ्याच दिवशी 'विदाऊट गाळून, दहा रुपये जादा' अशी पाटी लावली. पहिलं गिऱ्हाईक काकाच.

आता ती उसळीची भानगड. वार्षिक सभेत चहा-बिस्किटांऐवजी काहीतरी पौष्टिक ठेवा, असा ठराव काकांनी मांडला आणि सेक्रेटरीने वाद नको म्हणून मंजूर केला. काकांना तेवढ्याने भागेना. सभेच्या आधीचा आठवडा 'चोथा सप्ताह' जाहीर झाला. सोमवारी मटकी, मंगळवारी चवळी, बुधवारी हरभरे, गुरुवारी वाल, शिवाय रोज बाजरीची भाकरी आणि कोंड्याचे लाडू. ज्यांच्या पोटांना वर्षानुवर्षं ब्रेड-बटर आणि पोहे यांची सवय, त्या चाळीस कुटुंबांवर एकदम हा मारा. रविवारी सभा भरली. हॉल बंदिस्त, एसी चालू. इतिवृत्त वाचून होईपर्यंत पुढच्या रांगा मागे सरकल्या होत्या. पार्किंगचा प्रश्न, जो गेली कित्येक वर्षं तासन्‌तास चालतो, तो अवघ्या काही मिनिटांत एकमताने सुटला. आमच्या सोसायटीच्या इतिहासात एवढी आटोपशीर सभा झाली नाही.

खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंनी मग काकांना फैलावर घेतलं. चोथा आपल्याला पचत नाही, म्हणूनच तो उपयोगी पडतो. पण मोठ्या आतड्यातले जंतू त्यातला बराचसा भाग आंबवतात. त्यातून आतड्याच्या अस्तराला पोसणारी द्रव्यं तयार होतात, तसा वायूही होतो. जंतूंना नव्या शिध्याची सवय व्हायला वेळ लागतो. म्हणून काही आठवडे घेऊन थोडं थोडं वाढवायचं आणि जोडीला पाणी वाढवायचं. काकांनी सगळं निमूट ऐकलं. त्यांना लागलं होतं ते वेगळंच. "आयुष्यभर लाइन टाकल्या," जिन्यात मला म्हणाले, "आणि व्हेंट पाइपच विसरलो."

काकू या सगळ्यात कुठे आहेत? स्वयंपाकघरात. काकांचं संशोधन पोटात जायच्या आधी त्यांच्याच हातून जातं. गंमत अशी की नोकरीत असताना काकांना पोळी लागायची ती मऊसूत, पांढरीशुभ्र. कणीक दोनदा चाळली नाही तर ताट सरकवायचे. काकू बारीक चाळणीने चाळायच्या आणि उरलेला कोंडा गवळ्याकडे जायचा. मग बर्किटसाहेब घरात शिरले. काकांनी दुकानातून कोंड्याचं पाकीट आणलं, परदेशी गोऱ्या बाईचं चित्र असलेलं, गव्हाच्या भावाच्या कितीतरी पट महाग. काकूंनी ते पाकीट उलटसुलट केलं, किंमत वाचली आणि चाळणी उचलून माळ्यावर टाकली.

एक दिवस मी गेलो तेव्हा त्या दोडक्याच्या शिरा काढत होत्या. सालकाढणं लांबट फिरवून हिरव्या कडक शिरांच्या पट्ट्या परातीत टाकत होत्या. मग त्या कढईत तेलावर परतल्या, पार कुरकुरीत होईपर्यंत. तीळ, सुकं खोबरं, लसूण, मीठ, मिरची, आणि सगळं खलबत्त्यात अर्धवट कुटलं, पीठ होऊ न देता. शेजारी दुधीच्या सालीही थांबलेल्या, फ्लॉवरचे दांडे चिरून ठेवलेले, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात जायच्या रांगेत. काका उत्साहाने सांगू लागले, "बघ, आमचा शून्य कचरा, पूर्ण चोथा प्रकल्प!" काकू बत्ता न थांबवता म्हणाल्या, "हे माझ्या सासूबाई करायच्या. त्यांना फक्त भाजी पुरवायची होती. तुमच्या त्या साहेबाला उगाच युगांडापर्यंत जावं लागलं. आमच्या गावी आला असता तर एसटीच्या तिकिटात भागलं असतं."

काकांनी चटणी-भाकरीचा घास घेतला आणि विषय बदलला. माझ्या माहितीत एवढं एकदाच.

गेल्या पावसाळ्यात माझ्या वडिलांच्या आतड्याचं ऑपरेशन झालं. सगळं सुरळीत पार पडलं, पण दुसऱ्या दिवशी सर्जन राउंडला आले आणि आम्हा सगळ्यांकडे बघत विचारते झाले, "वारा सरला का?" आमच्याकडच्या चार शिकल्यासवरल्या माणसांनी माना खाली घातल्या. आई खिडकीकडे बघू लागली. कोपऱ्यातल्या स्टुलावरून चोथेकाका उठले. "पहाटे चार वाजून दहा मिनिटं, एकदा. सहाच्या सुमारास पुन्हा, मोठा. पोट मऊ आहे." सर्जननी मान वळवून या माणसाकडे बघितलं. रात्रभर तिथे बसून काकांनी नोंदी ठेवल्या होत्या, औषधाच्या पाकिटाच्या पाठीवर, पेन्सिलने. आपल्या धंद्यातला माणूस भेटल्यासारखं सर्जन त्यांच्याशीच बोलू लागले. आतडी जागी झाली, आता पेज सुरू करू, उद्या मऊ भात. वडिलांनी आईचा हात धरला.

"आणि चोथा?" काकांनी विचारलं.

"चोथा सध्या पूर्ण बंद," सर्जन म्हणाले. "साली नाहीत, बिया नाहीत, पालेभाजी नाही. जोडलेल्या जागेला काही दिवस विश्रांती. पांढरा भात, मैद्याचा टोस्ट चालेल."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. लाइन नवी जोडली की लगेच लोड देत नाहीत, हे त्यांना कुणी सांगायला नको होतं. पण मैद्याचा टोस्ट! संध्याकाळी तो टोस्ट बेकरीतून त्यांनीच आणून दिला, वर्तमानपत्रात गुंडाळून, कुणी ओळखीचं बघत नाही ना याची खात्री करत. परत जाताना लिफ्टपाशी मला म्हणाले, "डॉक्टर हुशार आहे. तरुण आहे अजून, होईल शहाणा."