प्रकाशगड कागलला हलवा!

महावितरणचं मुख्यालय मुंबईबाहेर हलवायचा कुठलाही प्रस्ताव सरकारपुढं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर सकाळी कागलच्या गैबी चौकात फटाके वाजतील आणि दुपारी दुसऱ्या गटाचा निषेध मोर्चा निघेल. पण कागलात चर्चेला प्रस्ताव लागत नाही. सदाशिवराव मंडलिक आणि विक्रमसिंह घाटगे यांच्या काळापासून या तालुक्यानं राजकारणाची एवढी तालीम घेतली आहे की, नसलेल्या ठरावालाही इथं अर्ध्या तासात सूचक आणि अनुमोदक मिळतात. म्हणून या सदरानंच वीज कर्मचाऱ्यांची एक सभा भरवली. माणसं काल्पनिक आहेत. त्यांचे मुद्दे मात्र कुठल्याही सबडिव्हिजनबाहेरच्या चहाच्या गाड्यावर फुकट ऐकायला मिळतील.

सभेच्या सुरुवातीला हेडक्लार्कनी इतिहास सांगितला. २० जून १९६० ला वीज मंडळ स्थापन झालं, ६ जून २००५ ला ते मोडून चार कंपन्या झाल्या. चार भाऊ वेगळे निघाले, पण मुंबईतली खोली एकानंही सोडली नाही. सूत्रधारी कंपनी फोर्टात हाँगकाँग बँक बिल्डिंगमध्ये. महावितरण आणि महानिर्मिती वांद्र्याच्या प्रकाशगडात. महापारेषण वांद्रे-कुर्ला संकुलातल्या प्रकाशगंगेत. नावं एवढी उजेडाची की बिल बघितल्यावरच अंधारी यावी.

"आता गंमत ऐका," हेडक्लार्क म्हणाले. "महावितरण म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राला लाईट देणारी कंपनी. मुंबईत तिचा भाग कुठला? फक्त भांडुप आणि मुलुंड. फोर्ट बेस्टचं, वांद्रे अदानी आणि टाटाचं. म्हणजे पावणेतीन कोटींच्या वर ग्राहक असलेली कंपनी जिथं बसते, तिथं तिला एक मीटर बसवायचा परवाना नाही."

सभेत शांतता पसरली. नोकरीत केस पांढरे झालेल्या माणसांना हे माहीत नव्हतं असं नाही. एवढ्या सरळ वाक्यात कुणी सांगितलं नव्हतं. मग मागून आवाज आला, "म्हणूनच तिथं लाईट जात न्हाई!"

त्यानंतर मुख्यालय कुठं असावं या विषयाला हात घातला गेला आणि तासाभरात ते सात गावांना जाऊन आलं.

चंद्रपूरहून बदलीवर आलेल्या इंजिनिअर साहेबांची बाजू सगळ्यांत वजनदार होती. "आमच्या चंद्रपुरात २९२० मेगावॅटचं केंद्र आहे. कोळसा आमचा, राखड आमच्या अंगनात, ऊन आमच्या टाळक्यावर, अन् एसी बांद्र्याले? हे कोन्त्या न्यायात बसते?" न्याय कुणालाच सापडला नाही. तेवढ्यात एकानं आठवण करून दिली की, साहेब, वीज तयार करणारी कंपनी वेगळी आणि आपण वाटणारे वेगळे. त्यावर साहेब म्हणाले, दोन्ही हलवा, ट्रकचं भाडं एकच लागंल. हा सभेतला एकमेव काटकसरीचा मुद्दा. इतिवृत्तात तो आलेला नाही.

परळीच्या ऑपरेटरनं मराठवाड्याचा अनुशेष मांडला. २०१५ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचं औष्णिक केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. त्याचं म्हणणं एवढंच की, संच चालवायला पाणी लागतं, मुख्यालय चालवायला लागत नाही, तेव्हा ते परळीला बिनधोक देता येईल. चिपळूणच्या गड्याची तक्रार जुनीच निघाली. धरण साताऱ्यात, नाव कोयनेचं, वीज मात्र आमच्या पोफळीत डोंगराच्या पोटात तयार होते, आणि सहलीवाले धरण बघून परत जातात. निदान मुख्यालयाची पाटी तरी आमच्याकडं लावा. पाटीपुरती मागणी असल्यामुळं ती जवळजवळ मान्य होणार होती.

पुण्याची बाजू मांडायला कुणी पुणेकर नव्हता. ती कागलच्याच अकौंट्समधल्या एका बाबूनं मांडली, कारण त्याचा मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, बायको तिथंच शिक्षिका आहे आणि पती-पत्नी एकत्रीकरणाचा अर्ज तीन टेबलं फिरून चौथ्यावर झोपला आहे. त्यानं विमानतळ, आयटी, हवामान असं सगळं सांगितलं. मुलाचं नाव एकदाही घेतलं नाही. धोरण असंच ठरतं.

मग निवृत्त ऑपरेटर तात्या उठले. तात्यांनी आयुष्य उपकेंद्रात काढलं आहे, त्यामुळं बोलायच्या आधी ते सवयीनं घड्याळ बघतात. "दूधगंगा वलांडून निपानीत जावा," ते म्हणाले. "तिथला लाईटवाला हेस्कॉमचा. त्येचं हेडऑफिस हुबळीला. बेंगळूरला न्हाई. कर्नाटकानं कंपन्या केल्या आन वाटून दिल्या. एक हुबळीला, एक कलबुर्गीला, एक मंगळूरला, एक म्हैसूरला. गुजरातची बडोद्याला हाय, गांधीनगरला न्हाई. मध्य प्रदेशची जबलपूरला, पंजाबची पतियाळाला. आन तिथं बल्ब पेटत्यात."

हा मुद्दा बिनतोड होता, म्हणून कुणी खोडला नाही, दुर्लक्ष केलं. आपल्याकडं मुंबईतून काहीही हलवायचं म्हटलं की मंत्रालयाचा दाखला येतो. सचिवांनी बोलावलं तर साहेब दहा मिनिटांत हजर पाहिजेत. सचिवांनी किती वेळा बोलावलं हे कुणी विचारत नाही, आणि वांद्र्याहून दहा मिनिटांत नरिमन पॉइंटला पोचलेला साहेब अजून कुणी पाहिलेला नाही.

आता कागलचा नंबर. युनियनच्या सेक्रेटरींनी बाह्या सरसावल्या. "मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच कोल्हापूरला मागाय लागलो, तवा पन लोक हसलेवते. चार दशकं भांडलो. १८ ऑगस्ट २०२५ पासनं चालू झालं का न्हाई? कोर्टाचं सर्किट आलं, मग लाईटीचं सर्किट का न्हाई?" टाळ्या झाल्या. शिवाय हायवे आहे, पंचतारांकित औद्योगिक वसाहत आहे (पाहुण्यांना ते हॉटेल वाटतं, पण वाटू द्यावं), आणि ऊस गाळता गाळता वीज करणारे कारखाने आहेत. राजर्षी शाहू महाराज कागलच्या घाटगे घराण्यातले, हे सांगितल्याशिवाय इथली कुठलीच मागणी पुरी होत नाही, म्हणून तेही सांगून झालं.

एकच अडचण निघाली. नकाशा पसरल्यावर कागल महाराष्ट्राच्या अगदी कडेला दिसायला लागलं. सिरोंच्याच्या लाईनमननं इथं मीटिंगला यायचं म्हटलं तर त्याचं टी.ए. बिल त्याच्या पगारापेक्षा मोठं होईल. पण सेक्रेटरी कागलचे आहेत. ते म्हणाले, "गाव हलत न्हाई, नकाशा हलतोय की! बेळगाव, निपानी, कारवार, सगळी ८६५ गावं आली की कागल सरकतंय आत." सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. तेव्हा ठराव असा झाला की, सदर दाव्याचा निकाल लागताच मुख्यालय कागलला आणावे. प्रकाशगडातल्या कुणालाही आता घाईनं सामान बांधायचं कारण उरलेलं नाही.

ठरावावर मतदान घ्यायचं ठरलं तेव्हा दारात हेल्मेट काखेत धरून उभा असलेला वायरमन पोरगा आत आला. त्याचा हात वर दिसताच हेडक्लार्कनी सांगितलं, बाळा, तुला मत नाही, तू बाह्यस्रोत. म्हणजे कंत्राटदाराचा माणूस. त्याच्या कंत्राटदाराचं मुख्यालय कुठं आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. पगार उशिरा आला की तो फोन नंबर शोधतो, पत्ता नाही.

"मत नगं," तो म्हणाला. "फकस्त इचारतोय. मुख्यालय हितं आलं तर रोज पाहणी हुनार, रोज एक सायेब येनार. आमी स्वागताला हुबं ऱ्हायचं का खांबावर चढायचं? आन मळ्यातला डीपी जळलाय त्येचं काय?"

डीपीचा विषय सभेच्या पत्रिकेवर नव्हता. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचं बिल सरकारनं २०२४ पासून माफ केलं आहे, म्हणजे शेतकऱ्याचा बिलाचा प्रश्न मिटला. आता लाईटच आली नाही तर फुकट काय मिळालं हा प्रश्न तात्त्विक आहे आणि तो मुख्यालय ठरल्यावर घेता येईल, असं अध्यक्षांनी सांगितलं. चहाचे पैसे कुणी द्यायचे यावर मात्र एकमत झालं. ते पोरानं दिले.

आमचं मत विचाराल तर तात्यांच्या बाजूनं आहे. परवाना जिथं आहे तिथं कंपनीनं राहायला जावं, ही काही क्रांतिकारक मागणी नव्हे. नागपूर चालेल, पुणे चालेल, छत्रपती संभाजीनगर चालेल. कागलचा हट्टही आम्ही सोडू. पण कपाटं आणि खुर्च्या हलवून सह्या करायचा अधिकार वांद्र्यातच राहणार असेल, तर ट्रकचं भाडंसुद्धा वाया जाईल. चार प्रादेशिक कार्यालयं कंपनीनं आधीच केली आहेत. सबडिव्हिजनच्या साहेबाच्या हातात त्यानं काय पडलं, हे त्या साहेबालाच खासगीत विचारा. तो आधी इकडंतिकडं बघेल.

तोवर वाचकांसाठी एक कामाची गोष्ट. वीज नियामक आयोगाच्या कृती मानकांप्रमाणं ग्रामीण भागातलं नादुरुस्त रोहित्र, म्हणजे आपला डीपी, ४८ तासांत बदलून पुरवठा सुरू व्हायला हवा. मुख्यालय कुठल्या गावात असावं, याचा त्यात उल्लेख नाही. ४८ तास उलटले तर १९१२ वर तक्रार करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. भरपाई मागताना तोच लागतो.