हयात आहे, एवढं पुरे

आमच्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस १ जूनला असतो. शाळेत नाव घालताना जन्मतारीख कुणालाच ठाऊक नसायची. मग गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला सांगत. कान हाताला लागला की पोर पहिलीत बसण्याजोगं आणि जन्म १ जूनचा. माझे हात लांब. त्यामुळे कागदावर मी लवकर मोठी झाले आणि राज्य सरकारच्या ५८ वर्षांच्या नियमाने लवकर निवृत्तही झाले. तेव्हा माझं खरं वय विचारू नका. जे आहे ते गुरुजींचं मत आहे.

'साठी बुद्धी नाठी' असं म्हणणारे बहुतेक चाळिशीतले असतात, आणि चाळिशीतल्यांची बुद्धी कुठे असते ते मी ऑफिसात नोकरीभर पाहिलंय. माझा अनुभव असा, की साठीला बुद्धी शाबूत राहते. जाते ती भीड. आणि ती गेल्यावर घरात केवढी जागा मोकळी होते!

केसांचंच घ्या. चाळिशीपासून महिन्यातल्या एका रविवारी माझा ठरलेला कार्यक्रम असे. जुना गाऊन, खांद्यावर फाटका टॉवेल, लोखंडी कढईत रात्रभर भिजवलेली मेंदी; लग्नकार्य तोंडावर असलं तर काळ्या रंगाची पुडी. कपाळावरून ओघळ यायचा, कानाच्या पाळीला डाग पडायचा, तो लिंबाच्या सालीने घासायचा. एवढं करून पंधराव्या दिवशी भांगात पांढरी रेघ हजर. एकदा पुडी संपली आणि मी नवी आणली नाही. क्रांती झाली ती एवढीच. मधले काही महिने डोकं तिरंगी होतं: टोकाला तांबडं, मध्ये काळं, मुळाशी पांढरं. सून हळूच म्हणाली, "आई, निदान मुंज होईपर्यंत तरी..." मी थांबले नाही. मुंजीत एका नणंदेने जवळ घेऊन विचारलं, "वहिनी, बरं नाही का तुम्हाला?"

म्हटलं, "आताच कुठे बरं वाटायला लागलंय."

दुसरी सुटका नकाराची. पूर्वी एखाद्या बारशाला जायचं नसलं की कारण रचावं लागे आणि रचलेलं लक्षात ठेवावं लागे. थोरलीला ताप सांगितला होता की धाकटीला पाहुणे, याच्या हिशेबात निम्मी रात्र जायची. त्यापेक्षा बारशाला जाणं सोपं पडे. आता "गुडघे" एवढं म्हटलं की पुरतं. उलट समोरचीच आपल्या गुडघ्यांचं सांगू लागते आणि माझं न येणं मागे पडतं. हल्ली तर मी गुडघ्यांनाही मध्ये घालत नाही. परवा फोनवर सरळ म्हटलं, "नाही येत, कंटाळा आलाय." पलीकडे क्षणभर काही आवाज नाही. मग बाई खालच्या आवाजात म्हणाल्या, "खरं सांगू? मलाही आलाय. पण कार्य आमच्याच घरचं आहे ना!"

वयाचा खरा अभिमान मात्र आमच्या ह्यांना. ६५ पूर्ण झाली तेव्हा ह्यांना एसटीचं अर्धं तिकीट लागू झालं. कंडक्टर अजून चार सीट पलीकडे असतानाच ह्यांचं आधार कार्ड बाहेर यायचं. मग १७ मार्च २०२३ रोजी एसटीने सरसकट सगळ्या बायकांना अर्धं तिकीट केलं. शेजारी कॉलेजातली पोरगी कानात गाणी घालून बसलेली. तिचंही तिकीट अर्धंच! ह्यांचा चेहरा असा पडला, की मला खिडकीबाहेर पाहावं लागलं. आता ह्यांचं लक्ष पंचाहत्तरीकडे आहे, कारण ऑगस्ट २०२२पासून त्या वयाच्या पुढच्यांना एसटी फुकट आहे. म्हातारं होण्याची इतकी घाई असलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. रेल्वेच्या लेखी मात्र आम्ही दोघंही मार्च २०२०मध्ये पुन्हा तरुण झालो. ज्येष्ठांची सवलत बंद, तिकीट पूर्ण.

पण मला सगळ्यात आवडतो तो नोव्हेंबर. या महिन्यात पेन्शनरांनी हयातीचा दाखला द्यायचा असतो. जन्मभर ज्या ज्या खिडकीसमोर उभी राहिले, तिथे काही ना काही कमी पडलं: मार्क कमी, अनुभव कमी, एक झेरॉक्स कमी. इथे प्रश्न एकच, तुम्ही आहात का? आहे. झालं! एवढ्यावर वर्षभराचं पेन्शन. नुसत्या असण्याचे पैसे मिळण्याची सोय तरुणपणी कुणी ठेवत नाही.

गेल्या खेपेला मात्र यंत्र माझा अंगठा घेईना. "काकू, पदराला पुसा. आता दाबा. अजून जोरात." भांडी घासून, भाज्या चिरून रेषाच झिजलेल्या, त्या उमटणार कुठून? मग त्या मुलाने मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. २०२१पासून चेहऱ्यावरूनही हयात ठरवता येतं. "काकू, इकडे बघा. आता डोळे मिचकवा." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "मिचकवा ना, काकू! त्याशिवाय तुम्ही जिवंत आहात हे त्याला कळत नाही." मागे अख्खी रांग. कॉलेजात असताना कुणा पोराने हे भरबाजारात म्हटलं असतं, तर मला शिक्षण सोडून बोहल्यावर चढावं लागलं असतं. इथे मी डोळे मिचकवले, चांगले दोन्ही मिचकवले. यंत्राने हिरवी खूण दाखवली आणि रांगेतल्या एका आजोबांनी टाळ्या वाजवल्या.

हे सगळं फुकट मिळतं असं कुणी समजू नये. सकाळी उपाशीपोटी एक गोळी, जेवणानंतर दोन, आणि जिलबी दिसली की सून दिसते. शिवाय हे शहाणपण वगैरे काही नाही. ज्यांच्या धाकाने पोट आत ओढून फोटो काढले, न आवडणाऱ्या साड्या नेसले, 'होय साहेब' म्हटलं, त्यातले निम्मे आता भिंतीवर हार घालून बसलेत आणि उरलेले माझ्यासारखेच गोळ्या मोजतात. तपासणारे उठून गेल्यावर पेपर कसाही लिहिता येतो. त्यातले काही अजून असते तर बरं झालं असतं, असंही कधी कधी वाटतं. सासूबाई माझे पांढरे केस पाहून काय बोलल्या असत्या, ते ऐकायला मला आवडलं असतं. आणि पहिल्यांदाच त्यांना उत्तरही दिलं असतं.

मैत्रिणी विचारतात, पुन्हा पंचविशीत जायला मिळालं तर जाशील का? मी विचार केला. ती कंबर, तो दरारा, ती कारणं, पुढे येणारा तो महिन्याचा रविवार, सगळं डोळ्यांपुढे आणलं. नको बाई. गुडघे तेवढे परत द्या. बाकीचं तारुण्य ज्याचं त्याला लखलाभ.