कुलूपबंद घरातील जलसिंचन

मे महिन्यात, दिवाळीच्या सुट्टीत किंवा एखाद्या लग्नकार्यानिमित्त शहरी मराठी कुटुंब घराला कुलूप लावून परगावी निघते, तेव्हा दूधवाला, पेपरवाला आणि गॅसचा नॉब या तिघांची व्यवस्था लागल्यानंतर जो प्रश्न शिल्लक उरतो, तो गॅलरीतील कुंड्यांचा होय. पहिले दोघे फोनवर बंद होतात, तिसरा हाताने बंद होतो. तुळस मात्र बंद ठेवता येत नाही. या अडचणीवर जी साधने सुचवली जातात, त्यांना एकत्रितपणे स्वयंसिंचन साधने असे म्हणता येईल, म्हणजे माणसाचा हात न लागता कुंडीतील मातीला बेताबेताने पाणी मिळत राहावे अशी योजना. या साधनांच्या निवडीचा विचार करताना एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी लागते, ती अशी की, निवडीच्या वेळी झाडाची तहान क्वचितच मोजली जाते. मोजली जाते ती यजमानाची काळजी. झाडाला पाणी किती लागते, असे विचारले असता बहुतेक घरांतून ‘रोज एक तांब्या’ असे उत्तर मिळते, मग ते झाड मोगऱ्याचे असो वा निवडुंगाचे. आणि तांब्या कोणता, हे विचारणे आगाऊपणाचे समजले जाते.

वस्तुतः या विषयात महाराष्ट्राला परंपरेची वाण नाही. शिवपिंडीवर टांगलेले, तळाला बारीक छिद्र असलेले आणि थेंबथेंब अभिषेक करणारे पात्र, ज्याला गळती म्हणतात, ते ठिबक सिंचनाचेच तत्त्व होय. वैशाखात तुळशीवरही अशी गळती बांधण्याची चाल अनेक घरांत होती. उज्जैनच्या महाकालेश्वरावर वैशाखाच्या आरंभापासून मातीच्या ११ मटक्यांची गळती बांधली जाते. मात्र या सर्व ठिकाणी पात्र रिकामे होताच ते पुन्हा भरणारा पुजारी किंवा सासुरवाशीण हाताशी असे, हा तपशील आधुनिक अनुकरणकर्त्यांच्या नजरेतून सुटतो.

पुजारी वगळून उरलेल्या तंत्राचा सर्वांत लोकप्रिय अवतार म्हणजे झाकणाला भोक पाडून मातीत उपडी खोचलेली पाण्याची बाटली. हिचा खर्च शून्य असल्यामुळे तिच्याविषयीचा विश्वास अमर्याद असतो. बाटलीतून पाणी बाहेर पडायचे, तर तितकीच हवा आत शिरावी लागते आणि ती किती शिरणार हे माती ठरवते, यजमान नव्हे. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या सोडणाचा भुसा, जास्त असलेल्या भुसभुशीत मिश्रणात हवा मोकळेपणाने शिरते आणि मुंबईहून निघालेली गाडी पनवेल ओलांडते न ओलांडते तोच बाटली रिकामी होते. याउलट चिकण काळ्या मातीत भोक लिंपले जाते आणि पंधरा दिवसांनी कुटुंब परतते, तेव्हा बाटली काठोकाठ भरलेली आणि झाड मात्र काडी झालेले आढळते. दोन्ही प्रसंगी दोष भोकाच्या आकाराला दिला जातो, आणि पुढच्या सुट्टीत दाभण बदलून तोच प्रयोग पुन्हा होतो.

वातीची पद्धत अधिक विचारी लोकांची आहे. बादलीत पाणी भरून, तिच्यात सुती दोरीचे एक टोक बुडवून, दुसरे कुंडीच्या मातीत बोटभर खोल पुरले की दोरीच्या तंतूंमधील सूक्ष्म पोकळ्यांतून पाणी आपोआप चढत जाते. या चढण्याला केशाकर्षण म्हणतात आणि पोकळी जितकी अरुंद तितके पाणी अधिक उंच चढते. येथे एक बारकावा असा की, बादली कुंडीपेक्षा खाली असेल, तर माती ओली झाल्यावर पाण्याचा ओघ आपोआप मंदावतो. पण बादली स्टुलावर, म्हणजे कुंडीहून उंच ठेवली, तर केशाकर्षणाच्या जोडीला गुरुत्वाकर्षणही कामाला लागते आणि मातीचे पोट भरल्यानंतरही दोरी थांबत नाही. तळाच्या ताटलीतून उतू गेलेले हे पाणी खालच्या मजल्याच्या गॅलरीत पोहोचते, आणि तो महिना मे असल्यामुळे तेथे साबुदाण्याच्या पापड्या, कुरडया किंवा निदान वर्षाचे तिखट वाळत घातलेले असते. असे झाल्यास झाड वाचल्याच्या आनंदावर विरजण पडते.

मोजमापाची आवड असणाऱ्यांसाठी सलाईनचा संच आहे. औषधाच्या दुकानात नवा मिळणारा हा संच (रुग्णालयातील वापरलेला आणू नये, तो जैववैद्यकीय कचरा होय) पाण्याच्या बाटलीला जोडून ग्रिलला टांगला जातो आणि त्याच्या नळीवरील चाकाने थेंबांची गती ठरवली जाते. साध्या संचात साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर होतो. म्हणजे दहा सेकंदांना एक थेंब, ही दिसायला अगदी कृपण वाटणारी गती ठेवली, तरी तासाला १८ आणि दिवसाला ४३२ मिलिलिटर पाणी खर्ची पडते. बारा कुंड्या आणि दहा दिवस असा हिशेब मांडला की सुमारे ५२ लिटर पाणी टांगून ठेवावे लागते, आणि ग्रिलची वेल्डिंग तपासण्याची पाळी येते. शिवाय बाटलीतील पातळी उतरत जाते तसा दाब घटतो आणि थेंबांची गतीही मंदावते, त्यामुळे झाडाला पहिल्या दिवशी मेजवानी आणि अखेरच्या दिवशी उपास घडतो. या पद्धतीचा एक सामाजिक परिणामही नोंदवावा लागेल. ग्रिलला ओळीने टांगलेल्या सलाईनच्या बाटल्या पाहून समोरच्या इमारतीतील मंडळी घरात कोण एवढे आजारी आहे याची चौकशी वॉचमनकडे करतात, आणि आपण सहकुटुंब बाहेरगावी गेल्याची वार्ता, जी गुप्त ठेवायची होती, ती सोसायटीभर पसरते.

या साऱ्यांत प्राचीन आणि प्रस्तुत लेखकाच्या मते सर्वांत समंजस साधन म्हणजे जमिनीत पुरलेले बिनझिलईचे मडके. चीनमधील फान शंगझी याच्या इसवी सनपूर्व पहिल्या शतकातील कृषिग्रंथात खड्ड्याच्या मध्यभागी मडके पुरून, त्याच्या भोवती खरबुजाच्या चार बिया लावून, मडके पाण्याने भरून वर कौल झाकावे अशी रीत सांगितलेली आहे. भारतात हीच रीत मटका सिंचन म्हणून ओळखली जाते. मडक्याच्या भिंतीला असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. भोवतालची माती कोरडी झाली की ती पाणी ओढून घेते आणि ओली असली की मडके फारसे पाणी सोडत नाही, म्हणजे किती प्यायचे हे येथे मातीवर सोपवलेले असते. अडचण एवढीच की, शहरी कुंडी मुळात बारा इंचांची असते, तिच्यात मडके पुरले की झाडाला जागा उरत नाही. काहीजण प्रदर्शनातून आणलेले, तैलरंगात वारली नाच रंगवलेले मडके पुरतात. रंगाने छिद्रे बुजलेली असल्याने पाणी आत सुरक्षित राहते, आणि नाच मातीखाली असल्याने कोणाला दिसत नाही.

जलशोषक कणांचा उल्लेख थोडक्यात पुरे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने विकसित केलेले पूसा हायड्रोजेल आपल्या वजनाच्या साडेतीनशे पट पाणी धरून ठेवते, परंतु ते पाणी आधी कोणीतरी घालावे लागते आणि कण मुळांजवळ मिसळलेले असावे लागतात. प्रस्थानाच्या आदल्या रात्री मूठभर कण कुंडीवर भुरभुरले, तर सकाळी कुंडीवर साबुदाण्याची खिचडी मांडल्यासारखे दिसते, याहून अधिक काही घडत नाही. झाडावर पारदर्शक पिशवी चढवण्याचा उपायही असाच अर्धवट ऐकलेला आहे. पानांतून बाहेर पडणारी वाफ बंद काचपेटीत पुन्हा मातीत उतरते, हे लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांनी दाखवले. १८३३ मध्ये अशा पेट्यांतून त्यांनी पाठवलेली रोपे समुद्रमार्गे सिडनीला जिवंत पोहोचली आणि पुढे रॉबर्ट फॉर्च्यून याने चीनमधील चहाची रोपे याच पेट्यांतून भारतात आणली. पण मे महिन्यातील ठाण्याच्या पश्चिमाभिमुख गॅलरीत पिशवी बांधलेले रोप वाफेवर शिजते. ही युक्ती सावलीतल्या कुंडीपुरतीच खरी.

यंत्रप्रेमी वर्ग बॅटरीवरचा टायमर आणतो, नळाला जोडतो, ठिबकच्या बारीक नळ्या कुंडीकुंडीत नेतो आणि फोनवरून गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर बसून मोगऱ्याची ख्यालीखुशाली पाहतो. येथे खरेदीपूर्वी विचारण्याचा प्रश्न एकच आहे, तो म्हणजे आतील झडप कोणत्या जातीची. पडद्याची विद्युतझडप नीट चालण्यास नळाला किमान दाब लागतो, आणि वरच्या मजल्यावर गच्चीतील टाकी जेमतेम काही फूट उंच असल्याने तो दाब मिळत नाही. गोळ्याची झडप, म्हणजे भोक असलेला गोळा फिरून उघडणारी, अल्प दाबावरही चालते. अर्थात कोणतीही झडप टाकीत नसलेले पाणी देऊ शकत नाही. टायमर सकाळी सहाला उघडतो, टँकर साडेआठला येतो, आणि फोनवर ‘सिंचन यशस्वी’ असा संदेश वेळेवर पोहोचतो. काळजी मिटवण्याचे काम या यंत्राने चोख केले, हे मान्यच करावे लागेल.

उरते ते सर्वांत बुद्धिमान, सर्वांत बोलके आणि म्हणूनच सर्वांत अनिश्चित साधन, म्हणजे शेजारी. समोरच्या काकूंकडे किल्ली सोपवताना यजमानीण फ्रिजवर एक सूचनापत्र लावते, त्यात ‘अडेनियमला पाणी घालू नये’ हे वाक्य दोनदा अधोरेखित केलेले असते. काकू ते वाचतात, कुंडीतील फुगीर बुंध्याच्या त्या एकट्या झाडाकडे पाहतात, आणि ‘बिचाऱ्याकडे कोणी बघतच नाही वाटतं’ असे म्हणून त्यालाच आधी झारी लावतात. मातीतील पोकळ्यांत हवेच्या जागी पाणी साचून राहिले की मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि ती कुजतात. कुंडीतील झाडे तहानेइतकीच अशा मायेनेही मरतात. परत आल्यावर बुंधा हाताला मऊ लागतो, परंतु काकूंनी मनापासून केलेले असते, त्यामुळे ‘किती छान ठेवलीत हो काकू झाडं!’ असे म्हणून मालवणी खाज्याची पिशवी आणि हापूसचे डझन त्यांच्या हाती ठेवावेच लागते. शिवाय दिवाळीत काकू मुलीकडे बडोद्याला जातात, तेव्हा त्यांच्या फिशटँकची जबाबदारी परतफेड म्हणून येते, आणि माशांच्या खाद्याची चिमूट म्हणजे किती, याचे सूचनापत्र या वेळी काकू लिहितात.

सर्व साधने तोलून पाहिल्यावर निष्कर्ष असा निघतो की, आठवड्याच्या आतील प्रवासाला बहुतेक झाडांसाठी काहीही विकत घेण्याची गरज नसते. निघण्यापूर्वी कुंड्यांना तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे, त्या उन्हातून काढून घरात खिडकीपाशी एकमेकींना खेटून ठेवाव्यात, मातीवर वाळलेल्या पाल्याचा थर द्यावा. ऊन आणि वारा कमी झाला की पाण्याची मागणीही उतरते. कोरफड, अडेनियम आणि निवडुंग यांना या गडबडीत सामीलच करू नये. त्याहून लांबच्या प्रवासाला वात, ऐसपैस कुंडीला मडके, आणि तीन आठवड्यांपुढे काकूच. जे साधन निवडले जाईल ते घरात असतानाच आठवडाभर लावून पाहावे, म्हणजे त्याचे दोष पनवेलच्या पुढे गेल्यावर आठवत नाहीत. आणि पाण्याची बादली मागे ठेवायची असेल, तर तिच्या तोंडावर फडके घट्ट बांधावे, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो, उबदार हवेत अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि अळ्या सापडल्या तर महापालिकेची नोटीस कुलूपबंद दारावरही चिकटवली जाते.